डब्यांवरची नावं

त्या दिवशी मी विक्कीच्या दुकानात भांडायला गेले होते, प्रेमात पडायला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी नाक मुरडायला नको.

मदन महल स्टेशनकडून आमच्या गल्लीत वळताना कोपऱ्यावर विक्कीचं दुकान आहे. झेरॉक्स, फोटो, पत्रिका, सगळं करतो. माझ्या बरण्यांवरची लेबलं तोच छापून द्यायचा. नवरा नोकरीत असतानाच गेला, तेव्हापासून मी घरी चटण्या, मसाले, लोणची करून विकते. जबलपुरातल्या अर्ध्या मराठी घरांत जेवताना माझी बरणी उघडते. उरलेल्या अर्ध्यांना अजून चव कळलेली नाही.

लेबलाचा कागद असतो तो मागून चिकट आणि पुढून चोवीस खाने पाडलेला. मला एका खेपेला चार जवसाची चटणी लागते, तीन कारळ्याची, पाच मेतकूट, दोन सांडगी मिरची, असं थोडं थोडं. मी विक्कीला सांगितलं होतं की सगळी नावं एकाच कागदावर घे. आणि त्याने काय केलं? एका कागदावर चोवीस वेळा कारळ्याची चटणी. दुसऱ्यावर चोवीस वेळा मेतकूट. वर मला समजावून सांगतो, "आंटी, एक शीट पे एक ही नाम आता है। सिस्टम ऐसा ही है।"

"तुझं सिस्टम काय भाकरीसोबत रोज कारळं खाते का?" मी विचारलं.

विक्कीला मराठी समजतं, फक्त सोयीचं तेवढंच. तो कॉम्प्युटरकडे बघत बसला. पण माझ्या पाठीमागून कोणीतरी हसलं.

वळून बघते तर एक गृहस्थ. पांढरा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातातली छत्री गळून राहिलेली, चष्म्यावर पावसाचे थेंब. चष्मा पुसावा तर छत्री ठेवायला जागा नाही, छत्री ठेवावी तर दुसऱ्या हातात कागदाचं पुडकं. असा अडकलेला माणूस, आणि हसून राहिला मला.

"हसायला काय झालं?"

"तुम्हाला नाही हसलो, सिस्टमला हसलो." मराठीत बोलले. जबलपुरात अनोळखी माणूस मराठीत बोलला की राग थोडा उतरतोच, पण मी तो उतरू दिला नाही. ते म्हणाले, "एका कागदावर चोवीस वेगळी नावं येतात. मी घरी छापतो."

मी विचारलं, तुम्हीही चटण्या विकता का. तर म्हणाले नाही, स्वयंपाकघरातल्या डब्यांसाठी. बायको गेल्यापासून कोणत्या डब्यात काय आहे ते कळत नाही, म्हणून एकेका डब्याला लेबल करून लावतोय. हळदीला एक, मिठाला एक, साखरेला एक.

"जिरं ओळखू येत नाही तुम्हाला?"

"एकटं असलं तर येतं. शेजारी बडीशेप येऊन बसली की दोघं जुळे भाऊ वाटतात."

मी छत्री त्यांच्या हातातून घेतली आणि म्हटलं, आधी तो चष्मा पुसा, मग जिऱ्याचं बघू. त्यांनी चष्मा पुसून परत लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोणी पहिल्यांदा नीट पाहतं... मी घाईघाईने छत्री परत दिली.

त्यांचं नाव श्रीरंग हिवरकर. रेल्वेतून निवृत्त, टेकडीच्या अंगाला घर, मुलगी विभावरी लग्न होऊन नागपूरला.

लेबलं छापून देतो म्हणाले, म्हणून त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले ती सुनेला घेऊन. दीपाने मोबाइलमधली यादी वाचली आणि त्यांनी छापून दाखवलं. करामत काही मोठी नव्हती. विक्की सगळ्या खान्यांना मिळून एकच हुकूम सोडायचा, हे एकेका खान्यात जाऊन त्याचं त्याचं नाव लिहायचे. लिहून झालं की आधी साध्या कागदावर छापत, तो स्टिकरच्या कागदावर ठेवत आणि दोन्ही मिळून खिडकीशी उजेडात धरत. अक्षरं खान्यात नीट बसली तरच खरा कागद मशीनमध्ये.

"जरा ती बाजू धरता का?" ते म्हणाले.

मी धरली. एका बाजूला त्यांची बोटं, एका बाजूला माझी, मध्ये उजेड आणि उजेडात उलटं दिसणारं माझं नाव. 'अंजनीबाईंचे मेतकूट.' माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, सुलटं वाचायलाही मला वेळ लागतो. पण त्या दिवशी मी जरा जास्तच वेळ लावला.

दोन-तीन खेपांनंतर दीपा म्हणाली की यादी मी मोबाइलवर पाठवत जाईन, अतुल रिछाईहून येताना कागद घेऊन येतील, तुम्ही कशाला पायपीट करता. अतुल माझा मुलगा, रिछाईतल्या कारखान्यात आहे, रस्ता त्याचा तिकडूनच. मी म्हटलं, माझं नाव छापून येते बाई, मला माझ्या डोळ्यांनी पाहू दे. दीपाने मान हलवली आणि कांदा चिरायला घेतला. कांद्याने डोळ्यांत पाणी येतं, हसू येत नाही. तिला येऊन राहिलं होतं.

तर मी जाऊ लागले. छापायला लागतो पाव तास, मला परत यायला दुपार व्हायची. बोलणं काय, तर भांडण. मी म्हणायची अक्षर बारीक आहे, ते म्हणायचे बरणी लहान आहे. ते म्हणायचे लाल रंग शोभेल, मी म्हणायची मिरचीला शोभेल, मेतकुटाने काय घोडं मारलंय. चहा तेच करायचे. पहिल्या चहात ओवा पडला होता, वेलदोड्याचे दाणे समजून टाकलेला. मी एक घोट घेऊन सांगितलं, पोट साफ होईल, मन प्रसन्न होईल, पण चहा झालेला नाही.

"मग शिकवा ना," ते म्हणाले.

"ज्या माणसाला आयुष्यभर गाड्यांच्या वेळा पाठ होत्या, त्याला डबे पाठ होत नाहीत?"

"गाड्या वेळेवर येत नव्हत्या, अंजनीबाई. पाठ करून उपयोग काय होता?"

असं बोलायचे. मला हसू यायचं आणि ते मला दिसू द्यायचं नसायचं, म्हणून मी खिडकीबाहेर टेकडीवरचे काळे दगड बघत बसायची.

यादीतली नावं भरून एखादा खाना नेहमी उरायचा. मला वाया गेलेलं चालत नाही, म्हणून मी म्हटलं, त्यात तुमच्या घरचं काही लिहून टाका. मग माझ्या कागदावर, माझ्या चटण्यांच्या रांगेत, शेवटी 'धने' यायचं, नाहीतर 'मोहरी.' ते एवढंसं लेबल काढून ते डब्याला लावायचे. एकदा तिथे 'वेलदोडे' आलं. मी विचारलं, आहेत का घरात. नाहीत म्हणाले.

"मग लेबल काहून केलं?"

"लेबल असलं की डबा वाट पाहतो."

पुढच्या खेपेला मी वेलदोडे घेऊन गेले. पदराच्या गाठीत बांधून नाही हो, साध्या कागदाच्या पुडीत. पण रस्त्याने मला वाटत होतं की सगळ्या गल्लीला वास येऊन राहिला आहे.

विभावरी त्यांना नागपूरला बोलवायची, एकटे कशाला राहता म्हणून. ते टाळायचे. एकदा मी होते तेव्हाच फोन आला. ते म्हणाले, "इथे सध्या काम आहे बेटा, छपाईचं." मी भिंतीकडे पाहत होते, पण कान काही भिंतीकडे नव्हते.

आता बिघडलं कसं ते सांगते.

नवरात्र जवळ आलं होतं, ऑर्डरी वाढल्या होत्या. विक्कीकडे शाई संपून अर्धवट छापलेल्या कागदांवरून लागली तशी लेबलं मी काढून वापरली होती, अर्धे खाने सोलून गेलेले, अर्धे छापायचे राहिलेले. असे कागद मी जपून ठेवले होते. टाकवत नव्हते. श्रीरंगजींनी मला दहादा सांगितलं होतं की सोललेला कागद मशीनमध्ये पुन्हा घालायचा नसतो, कडा सुटलेल्या असतात, आत चिकटतं. मला वाटलं, माणसाला कोऱ्या कागदाचा शौक आहे. ते चहा ठेवायला आत गेले आणि मी माझा जुना कागद आत सरकवून बटण दाबलं. बटण मला माहीत होतं, रोज पाहत होते.

मशीनने आधी घास घेतला. मग कण्हली. मग असा आवाज आला, जसा वरवंट्याखाली खडा यावा.

ते धावत आले, झाकण उघडलं. आत रुळाभोवती 'काळा मसाला' गुंडाळून बसला होता. दोघं वाकून बघू लागलो. त्यांची बोटं शाईने काळी झाली, माझ्या नखाने एक टोक सुटलं, त्यांनी ते धरलं, माझा हात खाली, त्यांचा वर. डोक्याला डोकं लागेल इतके जवळ. साबणाचा वास, चहाचा वास, बाहेर पावसाची भुरभुर... कोणाचाच हात हलेना. लेबल निघायचं थांबलं होतं, आम्ही पण.

"राहू द्या," ते हळूच म्हणाले. "मशीन काय, दुसरी येईल."

दुसरं कोणी ओरडलं असतं तर मी दुप्पट ओरडले असते आणि सगळं सुरळीत झालं असतं. पण ते असं मऊ बोलले आणि माझी पंचाईत झाली. मला माझाच राग आला. मी हात ओढून घेतला, पदर खोचला आणि म्हटलं, "मशीनच कुचकामी तुमची. एक घास पचत नाही तिला." आणि चपला घालून निघाले. त्यांनी मागून हाक मारली होती. मी ऐकली होती.

घरी येऊन मी एवढंच सांगितलं की मशीन बिघडली. पोरगा माझा गुणाचा. दुसऱ्याच दिवशी नवी मशीन घेऊन आला, स्वयंपाकघराच्या बाहेर टेबलावर मांडली आणि म्हणाला, "आता तुला कोणाच्या दारी जायला नको, आई."

मी म्हटलं, बरं केलंस. आणि जाऊन उगाच तांदूळ निवडत बसले, निवडलेलेच.

दीपा हुशार. ती पटकन शिकली. एका कागदावर चोवीस नावं, हवी तशी, सरळ, ठळक. मला एक शब्द बोलावा न लागता लेबलं घरच्या घरी तयार. आणि माझा जीव कशातच लागेना. कागद हातात घेतला की मी म्हणायची, तिरकं आलंय. दीपा पट्टी लावून दाखवायची, सरळ होतं. मग मी म्हणायची अक्षर बारीक आहे. मग म्हणायची, रंग. दारात कोणाची छत्री टेकली की मान वळायची. उठून दारापर्यंत जायची, दूधवाला निघायचा, तर त्या बिचाऱ्यालाच पाणी किती घालतोस म्हणून बोलायची. त्यांनी काहून यावं? मीच तर मशीन मोडून, वर बोलून आले होते. आणि मी काहून जावं? काम काय होतं आता? लेबलं घरात छापून होत होती. बाई माणूस कामाशिवाय कोणाच्या घरी कसं जाईल, आणि काय सांगून बसेल...

रोज दुपारी मी लुगडं बदलायची आणि कुठेच जायची नाही.

मग ती गोष्ट झाली, जी माझ्या हातून आजवर झाली नव्हती. आमच्याच ओळखीच्या अमिताबाईंचा फोन आला. त्यांनी मेतकूट म्हणून गरम भातावर भरपूर घातलं, आणि तो निघाला काळा मसाला. नवऱ्याचे कान लाल झाले म्हणे. बरण्या दीपाने भरल्या होत्या, पण लेबलं मी लावली होती. मी सगळ्या बरण्या पुसून पुन्हा पाहिल्या. अर्ध्यांवर भलतीच नावं. मी, जी डोळे मिटून नुसत्या वासाने मसाला सांगते, ती मी.

बरण्या ओल्या फडक्याने पुसता पुसता दीपा म्हणाली, "आई, स्टिकरचे कागद संपत आले. विक्कीकडून आणता का?" कपाटात पुडकं भरलेलं होतं. मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं. मी पिशवी घेतली.

विक्कीने कागद काढून दिले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की ते रेल्वेवाले साहेब मशीन दुरुस्तीला टाकून गेले का.

"नहीं आंटी। मैंने बोला था, ले आओ, बना देते हैं। बोले, अब किसके लिए?" विक्की पैसे गल्ल्यात टाकत म्हणाला. "वैसे भी अंकलजी नागपुर जा रहे हैं, बेटी के पास। परसों की गाड़ी है।"

मी कागद तिथेच विसरले. विक्की मागून ओरडत राहिला.

टेकडीचा तो चढ मी एरवी दोनदा थांबून चढते. त्या दिवशी थांबल्याचं आठवत नाही. पाऊस होता, छत्री नव्हती. डोक्यात नुसतं चाललं होतं की काय बोलायचं. मशीनबद्दल बोलावं का? वेलदोड्यांबद्दल? सांगावं का, की माझ्या घरी सगळं सरळ छापून येतं आणि मला ते वाचवत नाही?

दार उघडंच होतं. बैठकीत खोकी, दोरी, चादरीत बांधलेली गादी. मशीन कोपऱ्यात, अंगावर पंचा टाकलेला, आजारी माणसासारखी. श्रीरंगजी खोक्यावर पत्ता लिहून राहिले होते. मला पाहून उभे राहिले आणि पेन हातातच राहिला.

"अंजनीबाई... भिजल्या तुम्ही."

"नागपूरला चालले म्हणे."

"विभावरी मागे लागली आहे. आणि इथे आता..." त्यांनी मशीनकडे पाहिलं. "इथे आता छापायला काही उरलं नाही."

पुढचं वाक्य माझं होतं, आणि माझ्या तोंडाला, ज्याला सगळा मोहल्ला घाबरतो, ते येईना. त्यांच्या शेजारून मी सरळ स्वयंपाकघरात गेले. फळीवर डबे होते तसेच, अजून बांधले नव्हते. हळद, ओवा, धने, मोहरी, वेलदोडे. अक्षर तेच, जे माझ्या बरण्यांवर होतं. किती दिवस ते माझ्या कागदावरून एकेक नाव उचलून इथे आणत होते.

तेलाची वाटी घेतली. चिकटलेलं लेबल काढायला तेलासारखं काही नाही. बोट बुडवून 'हळद'वर फिरवलं. कडा मऊ झाल्या, नाव सुटून हातात आलं. मग ओवा. मग धने.

"अहो, काय करून राहिल्या?" ते दारात येऊन उभे. "मग मला ओळखू कसं येईल?"

"विचारायचं."

"कोणाला?"

मी वळले नाही. वळले असते तर बोलता आलं नसतं. "घरात सांगणारं माणूस असलं की डब्यांवर नावं लावत नाहीत, श्रीरंगजी."

पागोळ्या तेवढ्या वाजत होत्या. मोहरीच्या लेबलाची एकच कडा मी पुन्हा पुन्हा चोळत होते, आणि मला वाटलं, संपलं, या वयात हसं करून घेतलंस अंजनी...

मग ते आत आले. माझ्या शेजारी उभे राहिले, वाटीत बोट बुडवलं आणि फळीच्या दुसऱ्या टोकाकडून लेबलं काढायला लागले.

एक लेबल सोलून म्हणाले, "लोक बोलतील."

"बोलू द्या. त्यांच्या तोंडात माझंच लोणचं असतं, स्पष्ट काही यायचं नाही."

"आणि अतुल?"

"तो मशीनवर काम करतो. धक्के खायची सवय आहे त्याला. आणि त्याची बायको त्याच्याआधीच समजून बसली आहे." मग मी विचारलं, "विभावरी?"

"ती विचारत होती," ते लेबल खरवडत म्हणाले, "की बाबा, ते छपाईचं काम कसल्या रंगाचं लुगडं नेसते?"

मी कोपराने ढोसलं त्यांना. चांगलं जोरात. त्यांनी तो हात धरून ठेवला. दोघांचे हात तेलाचे, निसटायला हवे होते, नाही निसटले.

फळी सगळी कोरी झाली. एकसारखे डबे, एकाचं नाव दुसऱ्याला माहीत नाही. त्यांनी मधला एक उचलला, झाकण काढलं, नाकाशी धरून डोळे मिटले आणि मोठ्या विश्वासाने म्हणाले, "बडीशेप."

"जिरं आहे ते. जन्मात यायचं नाही तुम्हाला."

"नकोच यायला," ते म्हणाले.